हिल्माचा पाय आणि चार टायर

हिल्मा रांताला हिला गॅरेजमधून नुकत्याच बसवून घेतलेल्या हिवाळी टायरांचा संशय पहिल्याच सकाळी आला. लॅपलंडमधल्या तीन वस्त्यांवरची मुलं आपल्या टॅक्सीतून शाळेत पोहोचवण्याचं काम ती बावीस वर्षं करत होती. दर नोव्हेंबरात, मुलं गाडीत बसण्यापूर्वी, ती टायरांची परीक्षा घेई. बर्फ ढकलणाऱ्या गाडीला कड दिसावी म्हणून रस्त्यालगत काठ्या रोवलेल्या असतात. साठच्या वेगात एका काठीपाशी ब्रेक दाबला, की गाडी पुढच्या काठीच्या अलीकडे थांबायची. यंदा ती पुढची काठी ओलांडून बरीच घसरत गेली.

गॅरेजवाल्या ताउनोने दोन युरोचं नाणं टायरच्या खाचेत उभं केलं. नाण्याची रुपेरी कड बुडाली. गावात एवढा पुरावा पुरतो.

"बघ, खाचा पूर्ण खोल. एक किलोमीटरही न धावलेले टायर आहेत, हिल्मा. आता जुनं काय झालंय, ते मी कशाला बोलू?"

कॉफी पीत बसलेला काउको खदखदून हसला. "पाय, ताउनो, पाय! बासष्टीत ब्रेकपर्यंत पोहोचायला वेळ लागतो बिचाऱ्याला."

हसण्यावारी नेण्याजोगं ते नव्हतं. जानेवारीत नगरपालिका या मार्गाचं काम नव्याने देणार होती. 'हिल्माचा पाय मंदावला' एवढी कुजबुज तिथवर गेली, की काम गेलंच. त्याहून वाईट म्हणजे, तिला स्वतःलाच पायाची शंका येऊ लागली. दोन दिवस तिने मुलांना तीसच्या वेगाने नेलं आणि उशिराबद्दल बोलणी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी तिने शेजारणीची गाडी मागून घेतली. तोच रस्ता, तोच वेग, तोच पाय. गाडी काठीच्या अलीकडे थांबली.

मग भर दुपारी ती आपल्या गाडीखाली बर्फात उताणी झाली. टायर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंक एकाच बाजूला कोरलेले असतात. चारही चाकांवर ती बाजू आत वळवलेली होती. विजेरीच्या उजेडात तिने वर्ष वाचलं. टायर अकरा वर्षांपूर्वीचे होते. खाचा कोऱ्या होत्या, पण रबर पडून पडून लाकडासारखं टणक झालं होतं. बर्फ धरून ठेवण्याचं त्याचं बळ संपलं होतं.

एक चाक काढून तिने ते ताउनोच्या टेबलावर, कॉफीच्या कपांमध्येच, आदळलं.

"नाणं खिशात ठेव. हे वाच."

ताउनोने चष्मा शोधण्यात बराच वेळ घालवला. "न वापरलेले म्हणालो होतो मी. नवे म्हणालो नव्हतो."

"आणि चारही टायरांचे आकडे आत कसे वळले? एखाद-दुसरा वळला असता, तर चूक म्हटलं असतं."

"बदलून देतो ना, बाई. आधी कॉफी घे."

"टायर दे. दोन्ही बाजू मला दाखवून मग चढव."

काउको या वेळी हसला नाही. कप तसाच ठेवून तो बाहेर गेला. खिडकीतून हिल्माला दिसलं: दोन आठवड्यांपूर्वी इथेच टायर बसवलेल्या आपल्या गाडीजवळ तो बर्फात गुडघे टेकून, मान वाकडी करून, चाकाच्या आतल्या बाजूला डोकावत होता.