अमेरिकन गाडीवाल्या नलूताई

जपानमध्ये कोणी हॉर्न वाजवत नाही. नलूताई गुप्ते वाजवत. कावासाकीतल्या आमच्या गल्लीत त्यांची पिस्ता रंगाची अमेरिकन गाडी शिरली की दोन्हीकडच्या भिंतींशी जेमतेम वीतभर जागा उरे. समोरून सायकलवाला आला की त्या खणखणीत हॉर्न देत आणि सायकलवालाच उतरून, वाकून माफी मागे. "बघ," त्या मला म्हणत, "चूक माझी, माफी त्याची. या देशात राहायचं तर एवढं सुख पदरात पाडून घ्यावं."

आमची ओळख कचऱ्यावरून झाली. बँकेच्या टोकियो शाखेत बदली होऊन मी आले, तेव्हा भारतातून येणारी विमानं पुण्या-हैदराबादच्या कॉम्प्युटरवाल्या पोरांनी भरलेली असत. नवरा नोकरीमुळे मुंबईतच राहिला होता. पहिल्याच आठवड्यात मी कचऱ्याची पिशवी खाली ठेवली, आणि थोड्या वेळाने तीच पिशवी हातात घेऊन एक साठीच्या बाई माझ्या दारात उभ्या. केस कापलेले, अंगावर स्वेटर आणि साडी, पायात बूट.

"प्लास्टिक बुधवारी," त्या पिशवीतला माझ्या नावाचा बँकेचा लिफाफा दाखवत शुद्ध गिरगावी मराठीत म्हणाल्या. "बँकेत नोटांच्या गड्ड्या वेगळ्या लावतेस ना? मग हे वेगळं लावायला काय झालं? आणि चहा टाक, जिना चढून आलेय."

नलूताई सत्तरच्या दशकात नवऱ्याबरोबर जपानला आल्या. गुप्ते मुंबईच्या एका व्यापारी कंपनीत होते. मायदेशी परतणाऱ्या कुणा अमेरिकन माणसाकडून त्यांनी ही गाडी घेतली आणि मग घाबरून कधी चालवली नाही. चालवली ती नलूताईंनीच. "अमेरिकेत हिला छोटी गाडी म्हणतात," त्या सांगत. "यावरून तिकडची माणसं केवढी असतील ते समज." पुढे गुप्ते वारले, कंपनीने इथलं दुकान आवरलं, मुलगी अंजू जपानी मुलाशी लग्न करून फुकुओकाला गेली. नलूताई राहिल्या. परत का गेला नाहीत, असं मी एकदा विचारलं. "मुंबईचा फ्लॅट भावाकडे, भाऊ वहिनीकडे. मी कुणाकडे जाऊ?"

त्या गाडीत पुढेही सोफ्यासारखी सलग सीट होती. पुढे तिघी, मागे चौघी अशा नव्याने आलेल्या मराठी सुना कोंबून त्या टोकियोत हिगाशी-कसाईच्या भारतीय दुकानांत डाळ-तांदूळ, हिंग आणायला न्यायच्या. एखादी घरच्या आठवणीने रडायला लागली की नलूताई आरशात बघून म्हणत, "रडून घे, पण पूल यायच्या आत आटप. पुलावर मला लेन बदलायची असते." रडणारी हमखास हसायची. मला रडणाऱ्यांचं काय करायचं ते कधीच कळलेलं नाही, त्यामुळे त्यांची ही पद्धत मला फार पटली.

मग एका हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. वाचा शाबूत राहिली. "देवाला कळतं काय ठेवायचं ते," हॉस्पिटलमध्ये त्या म्हणाल्या. पण घरी आल्या आणि प्रश्न जिन्याचा आला. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, त्या दुसऱ्या मजल्यावर. आठवड्यातून दोनदा वृद्धांच्या केंद्रातून दोन पोरं येत, त्यांना खुर्चीसकट उचलून पांढऱ्या व्हॅनमध्ये ठेवत आणि संध्याकाळी परत आणून सोडत. "डबेवाले आहेत मेले," नलूताई म्हणत. "भरलेला डबा नेतात, रिकामा आणून ठेवतात." उरलेले दिवस खिडकी. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची राखाडी भिंत.

सुना सुरुवातीला लाडू घेऊन आल्या. नंतर कुणाची बदली झाली, कुणाच्या मुलांची शाळा सुरू झाली. मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहत होते आणि किल्ली माझ्याकडे होती, म्हणून मी जात राहिले. जायचं, गोळ्या डबीत लावायच्या, भांडी विसळायची, वर यायचं. हात वगैरे धरून मी बसले नाही. त्यांनाही ते नकोच होतं.

अंजूचा फोन यायचा. ती जपानीत बोले, नलूताई मराठीत उत्तर देत, आणि भांडण दोन्हींत चाले. फुकुओकात तिच्या घराजवळ वृद्धाश्रम होता, स्वच्छ, समुद्रासमोर. "समुद्र इथंही आहे," नलूताई म्हणाल्या. "तिथे तो खिडकीतून दाखवणार, एवढाच फरक." शेवटी मायलेकींचा सौदा ठरला. नलूताईंनी पुन्हा लायसन्स मिळवलं आणि आपल्या आपण बाहेर पडू लागल्या, तर त्यांनी कावासाकीत राहायचं. नाही मिळालं तर मुकाट्याने फुकुओकाला जायचं. बहुधा नाही मिळणार, या खात्रीवरच अंजू कबूल झाली होती.

गाडी तोवर नोगुची-सानच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडली होती. खाडीची हवा खाऊन तळाचा पत्रा इतका गंजला होता की सीटखालून जमीन दिसे. नोगुची-सान पन्नाशीचे, कमी बोलणारे, जुन्या अमेरिकन गाड्यांचे वेडे. त्यांनी सगळा तळ कापून नवा पत्रा जोडला, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, दारांची रबरं अमेरिकेहून मागवली, मूळ पिस्ता रंगाशी जुळणारा रंग मिळेपर्यंत तीनदा परत लावला. आम्ही पाहायला जात असू. नलूताई जिना बसून उतरत, एकेक पायरी, रांगत्या पोरासारख्या. मी काठी घेऊन पुढे. मदतीला हात दिला की ओरडत.

गाडी डाव्या स्टिअरिंगची, ऑटोमॅटिक. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला. म्हणजे उजव्या हाताने आणि उजव्या पायाने ती बरीचशी चालवता येत होती. पण इंडिकेटर डाव्या हाताचा, पार्किंग ब्रेक डाव्या पायाचा, हेडलाइट खाली-वर करायचं बटणसुद्धा तळाशी डाव्या पायाखाली. "अर्धी गाडी माझ्या बाजूची, अर्धी अंजूच्या," नलूताई म्हणाल्या. ते सगळं उजवीकडे आणायचं, स्टिअरिंगवर एका हाताने फिरवायला गोल मूठ बसवायची, असं त्यांनी नोगुची-सानना सांगितलं.

नोगुची-सानने बॉनेटवरून एकदा फडकं फिरवलं. मग खूप नम्रपणे म्हणाले, या वयाची, इतकी मूळ स्थितीतली गाडी त्यांनी जपानात दुसरी पाहिली नव्हती. स्टिअरिंगच्या खांबाला एक भोक जरी पाडलं, तरी ती ती गाडी राहणार नाही.

"मी तरी ती बाई कुठं राहिलेय?" नलूताई म्हणाल्या. "पडू देत दोघींना भोकं."

ते हलेनात. तेव्हा नलूताईंनी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि मला माझ्या मफलरने त्यांचा डावा हात कमरेच्या पट्ट्याला बांधायला लावला. "डावा पाय उचलायचा नाही. हं, चला." गॅरेजमागे पत्र्याच्या कुंपणाचं मोठं आवार होतं. नोगुची-सान निघाले. नलूताई काठी टेकून उभ्या राहिल्या आणि जपानीत हुकूम सोडू लागल्या. डावीकडे वळा, इंडिकेटर द्या. उजवा हात स्टिअरिंगवरून पलीकडे नेताना गाडी जुन्या टायरांच्या ढिगाकडे चालली. ब्रेक. आता पार्किंग ब्रेक लावा. आता दिवे खाली करा. नोगुची-सान नुसतेच बसून राहिले, कानापर्यंत लाल. मी मफलर सोडला. ते उतरले, आत गेले आणि ड्रिल घेऊन आले.

नंतर मात्र ते थांबेनात. पार्किंग ब्रेकला त्यांनी डॅशबोर्डखाली हाताचा दांडा बसवला. मग त्यांच्याच लक्षात आलं की दार डाव्या बाजूला, ते आतून ओढणार कसं. नलूताईंनी घरून गुप्त्यांचा टाय आणला, तो दाराच्या कडीला बांधला आणि उजव्या हाताने ओढून दार लावून दाखवलं. "आयुष्यभर ऑफिसला घातला. आता काहीतरी कामाला आला."

गाडी तपासणीत पास झाली. राहिल्या नलूताई. लायसन्स केंद्रात त्यांना पडद्यासमोरच्या नकली स्टिअरिंगवर बसवलं. मी बाहेर बाकावर थांबले. त्या हसतच बाहेर आल्या. "सोपं होतं गं. सगळे रस्ते रिकामे."

मागून आलेल्या तरुण अधिकाऱ्याने आधी वाकून नमस्कार केला, तेव्हाच मला कळलं. नलूताईंचा हात चांगला होता, पाय चांगला होता. पण पडद्यावर डावीकडून आलेलं मूल, सायकल, ट्रक, एकासाठीही त्यांनी ब्रेक लावला नव्हता.

"कुठलं मूल?" नलूताई म्हणाल्या. "मूल नव्हतंच. मी काय आंधळी आहे?"

अशा झटक्यानंतर कधी कधी मेंदू डावी बाजू टिपतच नाही, तीन महिन्यांनी पुन्हा येता येईल, असं तो म्हणाला. परतताना टॅक्सी केली. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "त्यांचं मशीन बिघडलंय."

अंजूने तीन महिने कबूल केले. दर रविवारी नलूताई नोगुची-सानच्या आवारात गाडी चालवू लागल्या. खासगी जागा, गेट बंद, तिथे लायसन्स लागत नाही. पत्र्याच्या चार भिंतींच्या आत ती चकचकीत गाडी गोल गोल फिरे आणि मी शेजारच्या सीटवर बसून असे. हॉर्न वाजवायला समोर कोणी नव्हतं. नोगुची-सानने वाटेत दोन्ही बाजूंना रिकामी पिंपं मांडली. उजवीकडच्या पिंपांना नलूताई अंगठ्याएवढं अंतर ठेवून गेल्या. डावीकडचं पहिलं पिंप आडवं झालं.

"हे मध्येच कोणी आणून ठेवलं?"

नोगुची-सानने पिंप उचलून जागेवर ठेवलं. पुढच्या फेरीला ते पुन्हा पडलं. त्यापुढच्या रविवारीही.

मग एका रविवारी नलूताईंनी गाडी बंद केली आणि मला खाली उतरवलं. "मागून डावीकडून पुढे चालत ये. दिसलीस की सांगते." मी मागच्या दिव्यापासून निघाले. त्यांच्या दारावरून गेले, बॉनेटला हात लावून पुढे गेले, वळून थेट गाडीच्या समोर आले. बॉनेटच्या मध्यावर पोचले तेव्हा त्या म्हणाल्या, "हं, आलीस? चालायला लाग म्हटलं तर किती वेळ!"

माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ओळखलं. त्यांनी स्टिअरिंगची मूठ अर्धी फिरवली आणि परत सरळ केली. मग म्हणाल्या, "एवढी जाडी बाई दिसत नाही, तर पोर कुठलं दिसायला. बस आत. एक फेरी मारू."

त्या दिवशी एक बंद पडलेली गाडी आत ढकलून आणत होते, म्हणून गेट सताड उघडं होतं. नलूताई फेरी मारत आल्या आणि वळायच्या ऐवजी सरळ गेटकडे निघाल्या. नोगुची-सानने पाहिलं, पण ओरडले नाहीत. एवढी वर्षं ज्या बाईने आम्हा सगळ्यांना रस्ता दाखवला, तिला मी काय सांगणार होते? पुढची चाकं गेटच्या पट्टीवर आली. समोर रविवारचा शांत रस्ता, वरून रेल्वेच्या तारा. त्या थांबल्या.

"सुनंदा, डावीकडे काय आहे?"

"भिंत. आणि भिंतीला लागून सायकलवर एक बाई. मागे पोर बसलंय."

"मला भिंतसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. नुसती माहिती दिल्यासारखा आवाज. मग त्यांनी गिअर मागे टाकला, गाडी सरळ रेषेत मागे नेऊन जागेवर लावली, टाय ओढून दार घट्ट लागल्याची खात्री केली आणि किल्ली काढली. घरी आल्यावर त्यांनी अंजूला फोन लावला. "ये. सामान फार नाही." पलीकडे अंजू रडू लागली. "आता का रडतेस? जिंकलीस की," नलूताई म्हणाल्या. त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही.

गाडी साइतामाच्या एका शाळामास्तरने घेतली. मोटारसायकलच्या अपघातात त्याचा डावा हात गेला होता, डोळे दोन्ही चांगले. नोगुची-सानने पाडलेल्या भोकांसकट, बसवलेल्या दांड्यासकट त्याने ती जशीच्या तशी नेली.

माझी बदली मुंबईला झाली, तेव्हा जायच्या आधी मी फुकुओकाला जाऊन आले. त्यानंतर दोन वर्षांत नलूताई गेल्या, म्हणजे ती आमची शेवटची भेट. जेवणाच्या हॉलमध्ये लांबलचक टेबलाच्या डाव्या टोकाला त्या बसल्या होत्या. ती खुर्ची त्यांनी भांडून मिळवली होती, असं अंजू म्हणाली. आधी त्यांना मध्ये बसवत, आणि डाव्या बाजूच्या म्हाताऱ्या नमस्कार करून करून कंटाळत आणि म्हणत, ही परदेशी बाई शिष्ट आहे. आता सगळं टेबल उजवीकडे होतं. खोलीतला पलंगही त्यांनी फिरवून घेतला होता, दार उजवीकडे येईल असा. समुद्र त्यामुळे डाव्या बाजूला गेला होता.

"अहो, समुद्र दिसत नाही मग तुम्हाला," मी म्हटलं.

"समुद्र कशाला? तो काय माझ्याशी बोलायला येणार आहे?" नलूताई म्हणाल्या. "माणसं दारातून येतात. बस इकडे. इकडे नाही गं, उजवीकडे."