वीसवर अडकलेला काटा

अमरावतीच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीनं गाडीच्या किल्लीबरोबर मला दमही दिला. "इंजिन नवं बोअर केलंय. पहिले पाचशे मैल तीसच्या वर न्यायची नाही. पिस्टन जाम झाला तर माझ्याकडे येऊ नका."

गाडी माझ्या दाजींची. थोरल्या बहिणीचे हे यजमान मारेगावात डॉक्टर आहेत. गाडी दुरुस्तीत होती तो दीड महिना ते दमणीतून (बैलांच्या हलक्या गाडीतून) गावोगाव रोगी तपासत फिरत होते. ती सुखरूप पोचवायचं काम दिवाळीच्या सुटीत मी हौसेनं अंगावर घेतलं. मी सातारचा शाळामास्तर. नियम पाळण्यात माझा हात कोण धरणार, असं मला तेव्हा वाटत होतं.

रस्ता सुरेख होता. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कापसाची झाडं) फुटून पांढरी झाली होती आणि गच्च भरलेल्या बैलगाड्या बाजाराकडे चालल्या होत्या. मी अठ्ठावीसवर काटा ठेवून चाललो होतो. एक एस.टी. मला धुळीत लोटून पुढे गेली, तरी मी सात्त्विकपणे तीसच्या आतच राहिलो. पण नेर जवळ आलं आणि काटा थरथरू लागला. घटकेत पंधरा, घटकेत चाळीस, आणि मीटरच्या मागून रातकिड्यासारखी किरकिर.

नेरच्या बाजाराजवळ कडुनिंबाखाली थांबलो. शेजारीच कापसाच्या गाड्यांची रांग होती. तिथला एक म्हातारा धुरकरी (गाडीवान) उठून आला. किसनजी त्याचं नाव.

"काहून थांबले जी?"

मी काटा दाखवला, किरकिर सांगितली. त्यानं मान डोलावली.

"कोरडी पडली असन. आख (गाडीचा आस) कोरडा पडला का असाच रडते. पाजा तिले वंगण."

त्याच्या गाडीला बांबूचं नळकांडं लटकत होतं, त्यात एरंडेल आणि राख कालवलेलं वंगण. चाकाची गती मीटरपर्यंत नेणारी तार एका लवचीक नळीतून फिरते, एवढं मला ठाऊक होतं. मीटरच्या मागचा आटा सोडवून मी ती नळी धरली आणि किसनजीनं ती तोंडापर्यंत भरली.

"पुरे," मी म्हटलं.

"राहू द्या न बावा. आखाले कवाच उपाशी ठेवू नये."

किरकिर थांबली, काटा शहाण्यासारखा स्थिर झाला. मला इतका आनंद झाला की दहा गाडीवानांसमोर मी म्हटलं, "किसनजी, अमरावतीच्या मिस्त्रीनं तुमच्याकडे शिकायला यावं!" म्हातारा लाजून धोतराच्या सोग्याला हात पुसत राहिला.

यवतमाळ ओलांडेपर्यंत काटा सज्जनासारखा वागला. पुढे सागाची झाडं आली, पिवळ्या फुलांनी भरलेली तूर आली. एका गाड्यांच्या रांगेमागून हळू जाताना काटा वीसवर आला तो तिथंच राहिला. मला वाटलं, मीच अजून हळू चालवतोय. थोडा पाय दाबला. तरी वीसच. आणखी दाबला. मग पुढे एक एस.टी. दिसली आणि मी तिला मागे टाकलं. सकाळचीच ती. कंडक्टर खिडकीतून मान काढून माझ्याकडे बघत होता.

विसाच्या वेगानं कोणी एस.टी. मागे टाकतं का?

पुढच्या मैलाच्या दगडापासून मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. दीड मिनिटात पुढचा दगड. म्हणजे ताशी चाळीस! तेवढ्यात तापलेल्या तेलाचा वास आला. केळापूर तालुक्यातल्या एका फाट्यावर गाडी थांबवली. गाडी थांबली तरी काटा वीसवरच होता.

फाट्यावर सायकली टांगलेलं एक दुकान होतं. मालक नामदेवजी, चाळिशीचा, काडीला दोरा बांधलेला चष्मा. भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्यानं लोटा पुढे केला आणि क्षणभर हात थांबवला. "आमच्या घरचं पानी चालन न जी?" मला त्या प्रश्नाची लाज वाटली. एका दमात लोटा संपवून मी दुसरा मागितला.

मीटरला त्यानं हातही लावला नाही. आधी इंजिन थंड होऊ दिलं, तेलाची पट्टी ओढून वास घेतला, हँडल मारून मशीन हळूच फिरवून पाहिलं. दाजींचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर येत होतं.

"वाचली," तो म्हणाला. "पन याच्यापुढं माह्या हातात काई नाई. तुमच्या पायात हाय."

मग तार बाहेर ओढली. राखेचं काळं वंगण ओघळलं आणि तो हसायलाच लागला. "कोनं पाजलं एवढं? तार पिळाची असते. फिरली का तेल वर वर चढवते. मीटरात गेलं, काटा चिकटला."

तार रॉकेलमध्ये धुऊन त्यानं घरात हाक मारली, "वच्छला, पोळपाट दे वं!"

"पुना? मांगच्या खेपेले तीन दिवस पोयीले रॉकेलचा वास होता!" ती आतून म्हणाली. पण पोळपाट आला. त्यावर नामदेवजीनं तार पोळीसारखी तळहाताखाली लाटली. सगळी तार गुमान फिरत होती, एकाच ठिकाणी टुणकन उडत होती.

"हे पाहा. इथं मुरड हाय. काटा थरथरे तो याच्यानंच."

इंजिन बसवताना नळी कोपऱ्यात दुमडून कोंबली होती, तिथंच तारेला मुरड पडली होती. त्यानं ती हलक्या हातानं सरळ केली आणि नळी मोठ्या वळणानं फिरवली. "बैल वळवाले जेवढी जागा लागते, तेवढी याले द्या." मीटर उघडून पेट्रोलमध्ये बुडवलेल्या कोंबडीच्या पिसानं आतलं तेल टिपलं आणि मीटर उन्हात ठेवलं. तोवर मला भाकरी, तुरीची उसळ आणि सांभाराची चटणी मिळाली (सांभार म्हणजे इकडची कोथिंबीर). असं जेवण मला अलीकडे कुठं मिळालं नव्हतं.

शेवटी बोटाच्या टोकावर ग्रीस घेऊन त्यानं तारेवरून फिरवलं. "वरची वीतभर कोरडी ठेवाची. तेच लोक विसरतात."

काटा तीसवर धरून आम्ही दोन दगडांमधलं अंतर घड्याळ लावून कापलं. बरोबर दोन मिनिटं. या माणसाच्या पाया पडावं असं मला वाटलं, आणि ते मी त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "पाय सोडा. तीसच्या आत ठेवा."

मारेगावात दाजींना सगळं कबूल केलं. त्यांनी स्टेथोस्कोप लावावा तसा बॉनेटला कान लावला. दुसऱ्या सकाळी एका बाळंतिणीसाठी गाडी घेऊन गेले आणि दुपारी हसत परत आले. मी मात्र रात्रभर झोपलो नव्हतो.

परतताना एस.टी. नेरला थांबली. कडुनिंबाखाली किसनजी होताच. मला खिडकीत पाहताच तो पुढे आला, "कशी चालून राह्यली जी मोटार?"

मी खरं ते सांगितलं. तार, पीळ, वर चढणारं तेल. म्हातारा रागावला नाही, पण चेहरा उतरला.

"तुमी एवढी शाबासकी देऊन गेले," तो हळूच म्हणाला, "म्हनून आज सकाळी जिनाच्या (सरकी काढायच्या कारखान्याच्या) म्यानेजरच्या जीपलेई पाजलं. आता येतीन ते वापस."

कंडक्टरनं घंटी मारली. मला वाटत होतं, माझ्या जिभेनं कुणाचं काही बिघडत नाही. एक मैलही न तपासता मी त्याला मिस्त्री करून टाकलं होतं आणि त्याच्या हातून आता दुसऱ्याचा काटा अडकणार होता. मी पिशवी घेऊन खाली उतरलो. एस.टी. गेली.

"किसनजी, घरी पोळपाट आहे?"

त्याचं घर जवळच होतं. म्हातारीनं पोळपाट आणला, आम्हा दोघांकडे पाहिलं, पण हातातून सोडेना.

"वापस देसान न जी?"

"देतो," मी म्हटलं, "फक्त तीन दिवस रॉकेलचा वास येईल."