कोरडा कूलर आणि दीड तासाचा कार्यक्रम

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि माझ्या वह्या आजवर प्रॅक्टिकलच्या आकृत्यांनीच भरलेल्या आहेत. आठवणी लिहाव्यात एवढं वयही नाही. पण ही हकीकत मी होस्टेलवर इतक्यांदा सांगितली की शेवटी एक मित्र म्हणाला, "लिहून ठेव बाबा, दर वेळी थोडी वाढतीये." त्याचं खरं आहे. म्हणून आता जेवढी घडली तेवढीच लिहितो.

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा होता. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. औरंगाबादेत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, आणि तरी ज्या गल्लीत जावं तिथं एखादी नवी इमारत उठत असायची. माझी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली होती. विषय इलेक्ट्रॉनिक्स. सुट्टीत मी शहागंजातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर बसायचो. दुकानाच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. त्यांनी शाळा चौथीतच सोडली होती, पण बंद पडलेलं यंत्र नुसतं हलवून ते आजार सांगत. मला ते "कॉलेज" अशीच हाक मारत. "ए कॉलेज, पाना दे."

त्या महिन्यात आमच्याकडं एक अ‍ॅम्प्लिफायर दोनदा येऊन गेला होता. उस्मानपुऱ्यात एक निवृत्त गृहस्थ राहायचे, कोर्टात कारकून होते. मी त्यांना काका म्हणायचो. त्यांनी दिवाळीत घरातला जुना होम थिएटर काढून मोठा नवा अ‍ॅम्प्लिफायर आणि पाच स्पीकर घेतले होते. हौस म्हणून नाही. काकांना कमी ऐकू यायचं. कानातलं मशीन लावलं की शिट्टी वाजायची, आणि टीव्हीचा आवाज कितीही वाढवला तरी शब्द कळत नव्हते. या नव्या संचावर, समोरच्या स्पीकरजवळ खुर्ची ओढून बसलं, की त्यांना शब्द न् शब्द ऐकू यायचा. हिवाळाभर सगळं छान चाललं. मार्च लागला आणि अ‍ॅम्प्लिफायर अर्ध्या तासात बंद पडायला लागला. तांबडा दिवा लुकलुकायचा, आणि तासभर थांबल्याशिवाय पुन्हा चालू व्हायचा नाही.

उस्तादांनी एकदा आतला पंखा बदलला. दुसऱ्या वेळी दोन दिवस दुकानात टेबलावर ठेवून वाजवला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाजला, हू का चू केलं नाही. घरी नेला की पुन्हा तेच.

सोमवारी काका स्वतः दुकानात आले. घामानं सदरा चिकटलेला. म्हणाले, "येत्या रविवारी दुपारी दोन वाजता माझ्या मुलीचं गाणं टीव्हीवर आहे. दीड तासाचा कार्यक्रम. तिचा पहिलाच."

"मुबारक हो," उस्ताद म्हणाले.

"ती गायला लागली आणि माझे कान गेले. तिचं एकही गाणं मी सबंध ऐकलेलं नाही. तिची आई ऐकते आणि मला सांगते, चांगलं झालं. मला सांगणं नको, ऐकायचंय. दीड तास चालेल असं करून द्या."

काका गेल्यावर उस्ताद मला म्हणाले, "माल बराबर है. घरच खराब आहे त्यांचं." हे ते थट्टेनं म्हणाले. मग म्हणाले, "सेन्सर काढून वायर सीधी जोडतो. बंद पडायचा सवालच नाय."

हे थोडं सांगायला हवं. यंत्र फार तापलं की जळू नये म्हणून आतला एक छोटा सेन्सर त्याला बंद करतो. सेन्सरला वळसा घालून वायर जोडली तर यंत्र बंद पडत नाही, फक्त तापत राहतं. मी उस्तादांच्या शब्दापुढं कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी कसा बोललो माहीत नाही.

"उस्ताद, जळेल ते."

"दीड घंटा टिकेल."

"आणि एक घंट्यातच जळलं तर?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बोल मग, कॉलेज. तुझ्या किताबात काय लिवलंय?"

किताबात काही लिहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, "दुकानात चालतंय न् घरी नाय चालत. मी घर बघून येतो." आवाज इतका बारीक निघाला की मलाच लाज वाटली.

"जा. शुक्रवारपर्यंत तुझं. नाय झालं तर शनिवारी मी वायर जोडणार."

मंगळवारी भर दुपारी मी काकांच्या घरी गेलो. दिवाणखान्याच्या भिंतीत सागवानी शोकेस होतं, सरकत्या काचांचं, खास या अ‍ॅम्प्लिफायरसाठी सुताराकडून करून घेतलेलं. आत अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स, आणि दोघांवर मिळून काकूंनी शिवलेली भरतकामाची गवसणी. शेजारी इमारतीचं काम चाललेलं, धूळ जाऊ नये म्हणून. मला वाटलं, सापडलं! गवसणी काढली, बॉक्स बाजूला ठेवला, काचा उघडल्या, ब्रशनं जाळ्या साफ केल्या. काकांनी बातम्या लावल्या. मी घड्याळाकडं बघत बसलो.

पन्नास मिनिटं चाललं. मग तांबडा दिवा.

"आधीपेक्षा बरं आहे की," काकू म्हणाल्या. त्या मला धीर देत होत्या. काकांनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं, आणि ते मला जास्त लागलं.

बुधवारी पुन्हा गेलो. मला काही सुचत नव्हतं. खरं तर उस्तादांना काय तोंड दाखवायचं एवढंच डोक्यात होतं. काकूंनी पन्हं दिलं. घाम पुसत मी कूलरसमोर उभा राहिलो. मोठा, खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर, घुंऽऽ करत चाललेला. आमच्या गावाकडं कूलर कुणाकडंच नव्हता, त्यामुळं कूलर म्हणजे थंडावा एवढंच मला ठाऊक. पण तोंडावर येणारा झोत विटभट्टीच्या दारातून यावा तसा होता. मी बाजूला झालो. दाराआड बरं वाटलं. पुन्हा पुढं गेलो. पुन्हा भट्टी.

"काकू, यात पाणी कधी घातलं होतं?"

"पाणी? अरे बाळा, भांडी घासायला पाणी पुरेना. होळीपासून कोरडाच आहे तो. वाळा पण वाळून कोळ झालाय. पण निदान वारा तरी येतो."

मी झोताची दिशा पाहिली. तो सरळ शोकेसवर येत होता.

"मशीन तापतं म्हणून मीच झोत त्याच्याकडं वळवलाय," काका अभिमानानं म्हणाले. "दिवसभर चालू ठेवतो. मशीनला तरी गारवा."

आता पंचाईत अशी की हे सांगायचं कसं. वडीलधारा माणूस, आणि चूक त्यांनीच प्रेमानं केलेली. कोरडा कूलर बाहेरची उकळती हवा आणि शेजारच्या इमारतीची सगळी धूळ आत ओढून नेमकी यंत्राच्या अंगावर फेकत होता. मी तीनदा घसा खाकरला. शेवटी त्यांच्या कानाजवळ जाऊन म्हणालो, "काका, मला वाटतं... कूलरमुळंच तापतंय."

"काय? कूलरमुळं?" ते ताठ बसले. "पुरावा काय?" तीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस तो.

माझ्याकडं कसला पुरावा. माझ्याकडं तापमान मोजायचं साधनही नव्हतं. काकूच उठल्या आणि औषधांच्या डब्यातून ताप बघायचा थर्मामीटर घेऊन आल्या. "घे. याच्यानं होत असेल तर बघ."

मी तो झटकून पारा खाली आणला आणि मधल्या खोलीत नेला. ही खोली दिवाणखान्याच्या भिंतीपलीकडं, शहाबादी फरशीची, बिनखिडकीची. आठवड्याच्या पाण्याचे ड्रम तिथं एका कोपऱ्यात. पाच मिनिटं थांबलो, पारा जागचा हलला नाही. मग तोच थर्मामीटर कूलरसमोर धरला. पारा चढत गेला. काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि मोठ्यानं ओरडल्या, "अहो! कूलरला एकशे सहा ताप आहे!"

काकांनी थर्मामीटर हातात घेतला, उजेडाकडं धरला, फिरवून पाहिला. मग उठून कूलरचं बटण बंद केलं. घरात एकदम शांतता झाली.

"पुरावा ग्राह्य धरला," ते म्हणाले. "पुढं बोल."

पुढचं मला त्याच मिनिटाला दिसत होतं. अ‍ॅम्प्लिफायर मधल्या खोलीत न्यायचा. केबलवाल्यानं पाडलेलं भोक भिंतीत होतंच, त्यातून वायरी काढायच्या. ड्रमपासून लांब, उंच लाकडी स्टुलावर, चारी बाजूंनी मोकळा ठेवायचा.

पण काकू बिथरल्या. "म्हणजे एवढं महागाचं मशीन आत, आणि शोकेसात काय ठेवू? हवा? लोक येणार रविवारी!"

"लोक गाणं ऐकायला येणारेत का मशीन बघायला?" काका म्हणाले.

"दोन्हीला. तुम्हाला कळायचं नाही."

शेवटी काकू तयार झाल्या, पण एक अडचण निघाली. भिंतीआड रिमोट चालेना. आवाज कमी-जास्त करायला कुणीतरी आत बसायला हवं. काकू म्हणाल्या, "मी बसेन. लग्न झाल्यापासून यांचा आवाज मीच कमी-जास्त करतीये."

गुरुवारी भर दुपारी दोनला आम्ही चालू केलं. दर दहा मिनिटांनी मी झाकणावर तळवा ठेवून मनात मोजायचो. हे उस्तादांनीच शिकवलेलं. आधी तीनच्या पुढं हात ठेवता येत नव्हता. आता वीसपर्यंत ठेवता येत होता. अर्धा तास. तास. दीड तास. चार वाजले आणि ते चालूच होतं. मी बंद करायला गेलो तर काका म्हणाले, "राहू दे." बाजारभावाच्या बातम्या चालल्या होत्या. ते डोळे मिटून सोयाबीनचा भाव ऐकत होते.

दुकानात येऊन मी सगळं सांगितलं. उस्ताद म्हणाले, "गुरुवारचा दिवस वेगळा, रविवारचा वेगळा. घरात पन्नास माणसं भरतील, त्यांची गरमी येगळीच. बघू." सेन्सरचं नाव मात्र काढलं नाही.

रविवारी मी तिथं नव्हतो. आमच्या गावाला टँकर रविवारी यायचा आणि आईचा हात मोडलेला, ड्रम भरायला मीच लागायचो. लासूर स्टेशनपासून आमचं गाव जीपनं अर्धा तास. दोन वाजता मी रांगेत होतो. गावात शनिवारपासून लाइट नव्हती, मोबाइल बंद पडलेला. आईनं दोनदा विचारलं, "लक्ष कुठंय रं तुझं? पाणी सांडायलंय." मी मनात मोजत होतो. आता अर्धा तास झाला असेल. आता तास. पन्नास माणसांची गरमी मी धरलीच नव्हती. साडेतीन वाजले तेव्हा मी घरच्या ओट्यावर बसलो होतो आणि काहीच कळायला मार्ग नव्हता. इतकं परीक्षेच्या निकालालाही झालं नव्हतं.

संध्याकाळी स्टेशनवर आलो. चहावाल्याकडं चार्जर होता. मोबाइल लावला, जीव आला, आणि लगेच वाजला. उस्ताद होते.

"कहाँ मर गया था रे कॉलेज? दोपहरसे लगा रहा हूँ!"

"उस्ताद, लाइट नव्हती. तुम्ही तिथं—"

"मग? मी जाणार नाय तर कोण जाणार? दुसरा अ‍ॅम्प्लिफायर रिक्षात घालून नेला होता. स्टुलापाशी बसलो काकूंच्या बाजूला, झाकनावर हात ठेवून. पन्नास नाय, साठ माणसं होती. गल्ली पूरी."

"बंद पडलं का?"

"बंद? दुसरा वाला रिक्षातून उतरवला पण नाय. आखिरतक वाजलं. और सुन." त्यांचा आवाज खाली आला. "गाणं संपलं न् काकानं सबके सामने पोरीला फोन लावला. म्हणले, तिसऱ्या गाण्यात तुझा श्वास मधीच तुटला, मी ऐकलं. ती उधर रडायला लागली. काका इधर हसून राह्यले. मला म्हणले, तुमच्या कॉलेजला सांगा."