देवळाबाहेर भेटलेली बाई

अध्यात्मावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, वाचनही बेताचंच. जाणकारांनी सांभाळून घ्यावं. पण घडलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझ्या मायला एचआयव्ही आहे. वडील त्याच आजारात गेले. माय आसेगावहून वाशिमच्या दवाखान्यात जाऊन गोळ्या आणते, नेमाने घेते, म्हणून शेतातलं सगळं काम करू शकते. यंदा तिनंच पोहरादेवीला जायचा हट्ट धरला आणि तिथं पोचल्यावर मात्र देवळात येईना. बाहेरच बसते म्हणाली. मी एकटाच देवीपुढे उभा राहिलो. खरं सांगतो, मनात श्रद्धा कमी आणि राग जास्त होता. एवढं सोसलेल्या बाईला तू दारातही घेत नाहीस का, असं वाटत होतं.

बाहेर आलो तर मायजवळ किन्हीराजा गावची एक पोक्त बाई बसलेली. गोळ्यांच्या रांगेतली तोंडओळख. त्यांचं काय बोलणं झालं ते मायनं परतीच्या एसटीत चाचरत सांगितलं. पाळी कधीच थांबली होती, तरी मधूनमधून अंगावरून लाल जायचं. माय त्याला विटाळ समजली. देवापासून लांब राहिली आणि डॉक्टरांजवळही कधी बोलली नाही. त्यावर ती बाई हसून म्हणाली होती, "इटाळ नोय वं बाई, दुखनं हाय ते. आपल्याले गोया देतात न, तठीच आता गर्भपिशवीचं तोंडबी तपासतात. दुसऱ्या दारी जाऊन कोनाले काई सांगा लागत नाई. माहं तठीच सापडलं, म्हून आज तुह्याजवळ बसून राह्यली."

पुढच्या खेपेला मायनं गोळ्या घेतल्या आणि तिथंच तपासूनही घेतलं. हा आजार असलेल्या बायकांना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लवकर गाठतो, म्हणून सगळ्यांनाच तपासतो, असं सिस्टरनं समजावलं. मायला तिथं डाग दिसला. डॉक्टरांनी तेवढा भाग काढून तपासणीला पाठवला.

नंतरचे दिवस फार कठीण गेले. पुस्तक उघडलं तरी अक्षर दिसेना. एका सकाळी देवीला हात जोडले आणि म्हणालो, आई, जे दार तू दाखवलंस तिथं आम्ही गेलो, आता पुढचं तुझं. शरण जाणं म्हणजे हातावर हात धरून बसणं नव्हे, एवढं मला त्या दिवशी कळलं.

मग कॉलेजात असताना मायचा फोन आला.

"कॅन्सर नाई, बाबू. व्हायच्या आधीच सापडलं, समदं निघालं. आता तपासाले तेवढं जात राहाचं. अन् तू काहून रडून राह्यला?"