आखाताला गेलेला कोवळा आंबा

पालीच्या बाजारात उतरून ‘अर्थमंत्री कुठे भेटतील?’ असं विचारलं असतंत, तर यंदाच्या हंगामापर्यंत कुणीही तुम्हाला स्टँडसमोरच्या हॉटेलातलं कोपऱ्यातलं बाकडं दाखवलं असतं. तिथे भागोजी धनावडे पेपर उघडून बसलेला असायचा. शिक्षण सातवी, वय साठीच्या घरात, धंदा आंब्याच्या पारखीचा. पण पेपर हातात आला की आधी अर्थव्यवहाराचं पान. महागाईचा दर वर गेला की हा दुसरा चहा मागवायचा नाही. रुपया घसरला की चेहरा पाडून बसायचा. लोक चेष्टा करायचे आणि त्याला ती आवडायची.

ही खोड लागली ती मिरजोळ्याच्या एका सभेत. बागायतदारांना निर्यातीची माहिती द्यायला एक तरुण अधिकारी आले होते. त्यांनी पडद्यावर रंगीत खांब दाखवले. समुद्रापलीकडच्या सहा आखाती देशांकडून आपण तेल घेतो, त्या मानाने त्यांना विकतो कमी, म्हणून व्यापारात तूट येते. आता करारांची बोलणी चालली आहेत, जकात उतरली तर आपला माल तिकडे जास्त जाईल, असं ते म्हणाले. शेवटी समोरच्या मंडळींना खूश करायला म्हणाले, “तुमची एकेक पेटी देशाची तूट कमी करते.” अधिकारी गाडीत बसून निघून गेले, वाक्य मात्र भागोजीच्या डोक्यात मुक्काम ठोकून राहिलं.

“आपन पाटवतो तो नुसता आंबा नाय,” घरी येऊन त्याने बायकोला, चिमाला, सांगितलं. “तेलाच्या बदल्यात देशानं दिलेला माल हाय तो.”

“मग उद्यापास्नं दिव्यात आंब्याचा रस घालते,” दुखरा गुडघा चोळत चिमा म्हणाली.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. आंब्याच्या बाबतीत भागोजीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. हेमावहिनींच्या बागेत तो उभी हयात पारखी होता. वहिनींचे यजमान गेल्यावर बाग त्यांनी चालवली ती त्याच्या नजरेवर. लांब जाणारा आंबा झाडावर चौदा आणे तयार व्हावा लागतो. उरलेले दोन आणे तो वाटेत पिकतो. बारा आण्यांचा काढला तर सुरकुततो, आंबट राहतो, कुणाच्या बापाला पिकत नाही. म्हणून भागोजीचे दोन नियम होते. झाडावरून पहिला पिकला आंबा, म्हणजे पाड, आपसूक खाली पडल्याशिवाय झेला, आंबे उतरवायची ती जाळीची काठी, लावायचा नाही. आणि पाड पडला तरी वेगवेगळ्या फांद्यांवरची फळं काढून पाण्याच्या बादलीत टाकायची. तळाला बसली ती तयार, तरंगली ती कोवळी. हे सगळं त्याने आपल्याच वाडीतल्या लवूला शिकवलं होतं. लवू आता पस्तिशीचा, बायको सानिका आणि एक मुलगी घरात, आणि झाडावर असा चढायचा की खालच्या माणसाला पान हललेलं कळू नये. ‘मुंबईला काय जायचा नाय’ हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. वाडीतले बाकीचे गेले होते, हा राहिला होता.

यंदा भागोजीने वहिनींच्या डोक्यात भरवलं की वाशीच्या दलालाला माल द्यायचा नाही, थेट दुबईला पाठवायचा. ईदच्या आधी तिकडच्या दुकानांत आपला हापूस लागला पाहिजे. आखाताचा व्यापार कसा चढतोय, हे त्याने हवेत बोट फिरवून दाखवलं. वहिनी हिशेबी बाई, पण त्याच्यावर विश्वास. त्यांनी दुबईचा व्यापारी गाठला, कंटेनर ठरवला.

आता कंटेनरला तारीख असते, झाडाला नसते. थंडी लांबली आणि फळ मागे राहिलं. एकही पाड पडला नाही. तारीख जवळ आली तशी भागोजीची झोप उडाली. शेवटी एका सकाळी तो लवूला घेऊन बागेत गेला आणि म्हणाला, “लाव झेला.”

लवूने त्याच्याकडे पाहिलं. तरी चढला, चार फांद्यांवरची फळं उतरवली आणि न सांगताच बादलीत टाकली. दोघे वाकून बघत राहिले.

“दादा, अर्धी तरंगतायत वो,” लवू म्हणाला. “आट-धा दिस ऱ्हाऊ द्या झाडाव.”

“दुबईच्या उन्हात पिकतील. तुला काय ठावं तिकडचं?”

“तुमीच शिकवलंव ना पन.”

तेवढं पुरलं. भागोजीने बादली उचलली आणि फळांसकट झाडाच्या आळ्यात ओतून दिली. दुबईचं ऊन त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. पेपरातला चढता खांब पाहिला होता, आणि ज्या डोळ्यांनी झाड बघायचं त्यांनी तो त्या दिवशी खांबच बघत होता. संध्याकाळपर्यंत कंटेनरपुरती बाग उतरली.

व्हायचं तेच झालं. दुबईहून फोटो आले: सुरकुतलेली साल, आत पांढरा गर. व्यापाऱ्याने पुढचा माल नको म्हणून कळवलं. हेमावहिनी पेट्या भरायच्या शेडमध्ये आल्या. सगळी माणसं कामात होती. त्यांनी आवाज चढवला नाही.

“इतकं कोवळं फळ उतरलंच कसं?”

या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते देणारा माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा होता. भागोजीने तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, “काढनारे घाई करतात वयनी. भराभर क्रेट भरायला बघतात.” वहिनींची नजर लवूकडे वळली. लवूने भागोजीकडे पाहिलं, क्षणभरच, आणि मान खाली घातली. ज्याने हात धरून शिकवलं त्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, एवढाच त्याचा साधा विचार असणार. भागोजीने त्या विचाराचा फायदा घेतला. याला दुसरा शब्द नाही.

लवूला बागेतून काढलं. बातमीला पाय फुटले, आणि पालीपासून खाली खाडीपर्यंत ‘लवू कोवळा काढतो’ असं झालं. ऐन हंगामात त्याला कुणी बोलावेना. आंबा काढणाऱ्याचं सगळं वर्ष त्या दोन-अडीच महिन्यांवर चालतं. चैत्र संपायच्या आत तो मुंबईला गेला, एका इमारतीवर पहारेकरी म्हणून. जाताना भागोजीच्या अंगणात येऊन पाया पडला. भागोजीने आशीर्वाद दिला. तो हात त्याला पुढे कित्येक दिवस आपला वाटेना.

वहिनींना खरं सांगायचं म्हणून तो एकदा अगदी निश्चय करून गेला. पडवीत बसला. वहिनींनी चहा दिला आणि सहज विचारलं, “काय भागोजी, डॉलर कितीवर गेला?” झालं! याने डॉलर सांगितला, मग तेलाचे भाव सांगितले, वहिनी हसल्या, आणि हा चहा पिऊन परत आला. फाटकाबाहेर आल्यावर त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो गडग्याच्या दगडी भिंतीला टेकून उभा राहिला. त्या दिवसापासून हॉटेलातलं बाकडं सुटलं. घरात रायवळ आंब्याच्या रसाची वाटी समोर आली तरी तो सरकवून द्यायचा. चिमाने ओळखलं.

“लवूनं नव्हता ना काढलान कोवळा?” तिने विचारलं. “तुमी काढायला लावलाव.”

त्याने वाटी आणखी लांब सरकवली.

“मग माज्यासमोर काय गप बसताव? जितं बोलायचं तितं बोला.”

मे संपता संपता मिरजोळ्याला पुन्हा सभा भरली. तेच अधिकारी, तोच पडदा. आखाताकडची निर्यात वाढली होती, टाळ्या झाल्या. देशात रोजगारही वाढल्याचं त्यांनी सांगितलं. पहारेकऱ्याची नोकरी लागलेला लवू त्या वाढीत धरला गेला असेल, असं भागोजीच्या मनात आलं. मग अधिकारी म्हणाले, “काही ठिकाणी कोवळ्या फळाची तक्रार आली. काढणी करणाऱ्या मजुरांना आपण प्रशिक्षण देणार आहोत.”

भागोजी उभा राहिला. आपण उभे राहिलो हे त्याला खुर्ची मागे पडली तेव्हा कळलं.

“मजुराला ठावं होतं सायब,” तो म्हणाला. “लवूनं मना बादलीत दाखवलान, फळ तरंगतंय म्हनून. मी बादली ओतून टाकली. कोवळा आंबा मी काढायला लावला. आनि त्याचं नाव खराब झालं तवा मी तितंच उभा व्हतो.”

पुढच्या रांगेत बसलेल्या हेमावहिनी मागे वळल्या नाहीत. पण त्यांची मान हळूहळू खाली गेली, आणि ती भागोजीला मागून दिसत राहिली. आता त्या बागेत आपल्याला पाय ठेवता येणार नाही, हे त्याला समजलं. ते त्याला जड गेलं नाही. घाई होती ती दुसऱ्याच गोष्टीची. बाहेर येऊन त्याने सभागृहाच्या भिंतीआड लवूला फोन लावला.

“लवू, सांगितलं रे मी. सगळ्यांसमोर. वयनी पन व्हत्या. आता कोन तुला नाव ठेवनार नाय. तू ये परत.”

पलीकडे लिफ्टचा आवाज येत होता.

“कदी सांगितलाव, दादा?”

“आज. आत्ताच.”

“आंबा संपला ना वो, दादा,” लवू म्हणाला, आणि मग त्याने विचारलं, चिमाकाकीचा गुडघा आता कसा आहे.