माझ्या कोट्यातली रम

पंधरा ऑगस्टला ध्वजवंदन झालं. छातीवर पदकं लावून मी सॅल्यूट दिला. टाळ्या वाजल्या. दुपारी सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला क्लबहाऊसमध्ये बोलावलं. टेबलावर रम होती, भोवती कमिटीतले लोक. त्या दिवशी दारूची दुकानं बंद असतात, म्हणून बाटली माझ्या कोट्यातली. कुलाब्याच्या मिलिटरी कॅन्टीनमधून आदल्या आठवड्यात मीच आणून दिलेली.

"फौजी, आधी एक मार. मग परेड. गेल्या वर्षीसारखी."

"साहेब, मी सोडलीय."

"सोडली? मग बॉर्डरवर काय ताक प्यायचास?"

हसले सगळे. सेक्रेटरी माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. एकाने मोबाइल काढून गेल्या वर्षीचा व्हिडिओ लावला. खांद्यावर रायफलसारखी छत्री घेऊन मी स्विमिंग पूलभोवती चालतोय. पँट ओली आहे.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. पलटणीत रमला वेळ होती आणि मोजून देणारा माणूस होता. डिलाईल रोडच्या खोलीत दोन्ही नव्हतं. पिऊन मी वर्दी चढवायचो आणि चाळीच्या गॅलरीत शेजाऱ्यांना 'सावधान' करायचो. बायकोने वर्दीच्या ट्रंकेला कुलूप लावलं.

गेल्या वर्षी तो व्हिडिओ सगळीकडे फिरला, त्यानंतर मी माझगावच्या चर्चमधल्या, दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जायला लागलो. पिणं थांबलं. कोटा थांबला नाही. परळच्या या टॉवरमधली वॉचमनची नोकरी सेक्रेटरींनी दिलेली. त्यांना दर महिन्याला बाटल्या लागत. कुलाब्याहून बसने यायचो. पिशवी मांडीवर. खड्ड्यात बाटल्या वाजल्या की तोंडाला पाणी सुटायचं.

बैठकीत नेव्हीतला एक म्हातारा होता. तो म्हणाला, "पीत नाहीस, पण वाहतोस. हवालदार आहेस की पलटणीचं खेचर?"

मला राग आला होता. पण क्लबहाऊसमध्ये तेच आठवलं. सेक्रेटरींनी ग्लास माझ्या हातात दिला. वास ओळखीचा होता. 

मी ग्लास टेबलावर ठेवला.

"ही शेवटची बाटली. माझ्या कॅन्टीन कार्डावर यापुढे कुणालाच मिळणार नाही."

हसू थांबलं. सेक्रेटरी म्हणाले, "मग तुझ्या ड्युटीचंही बघावं लागेल."

"बघा."

दुसऱ्या दिवशी मला गेटवरून तळघरातल्या पार्किंगमध्ये टाकलं. पंखा नाही. गाड्यांचा धूर छातीत बसतो. बायकोने विचारलं, "काढलं काय?"

"खाली उतरवलं."

"मग मी ट्रंक उघडते," ती म्हणाली. "वर्दीला ऊन तरी लागेल."

पुढच्या महिन्यात कॅन्टीनमधून चहा आणि साबण घेतला. काउंटरवरचा म्हणाला, "रम का सोडताय? घ्या की, कुणाला तरी होईल."

"खेचर रिटायर झालं," मी म्हणालो.

पुढच्या ध्वजवंदनाला पदकं लावीन. झेंड्याला सॅल्यूट देईन आणि तळघरात परत जाईन. नोकरी गेली तर जाईल. क्लबहाऊसची पायरी चढणार नाही.