शिकारी नावाची बॅटरी

जंगल खात्याच्या ऑफिसात साहेबांनी कागद पुढे सरकवला. "इथे सही करा, बाई. मोकळ्या व्हाल."

कागदावर लिहिलं होतं की गागोद्याच्या बाळारामने पेणच्या माझ्या दुकानातून शिकारीसाठी लांब पल्ल्याचा टॉर्च विकत घेतला. खात्याच्या माणसांनी त्याला आदल्या रात्री त्याच्याच वालाच्या शेतावर पकडलं होतं. बंदूक नाही, फासे नाहीत. पण टॉर्चच्या खोक्यात माझं बिल सापडलं. त्यावर माझ्याच अक्षरात: शिकारी बॅटरी, एक.

आता ही चूक माझी. आमच्याकडे मोठ्या टॉर्चला सगळे 'शिकारी'च म्हणतात. खाडीत कोळंबीला जाणारा शिकारी मागतो, मांडवाचा वायरमन शिकारी मागतो. अष्टमी गावच्या एका मास्तरीणबाईंनी लाइट जातात म्हणून शिकारीच नेली. गिऱ्हाईक म्हणेल तेच मी बिलावर लिहीत आले. या एका शब्दापायी माणूस आत जाईल, हे काय माझ्या डोक्यात येणार?

"सही नाय करणार," मी म्हटलं. "ही शिकारीची बॅटरीच नाही."

"बिल तुमचंच ना?"

"बिल माझंच, आणि चुकीचं लिहिलंय. टॉर्च काय बिल वाचून उजेड पाडतो?"

बाहेर बाकावर बाळारामची बायको सुगंधा बसली होती. केस लागली की त्याचा डोलवीच्या कारखान्याचा गेटपास बंद, म्हणजे कंत्राटी का होईना, नोकरी गेली. तिचा चेहरा बघून मला साहेबांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माझ्या बिलबुकाचा.

दुकान टाकण्याआधी मी रोह्याच्या कारखान्यात बारा वर्षं इलेक्ट्रिशियन होते. बोलावणं कशाचं ते कळलं होतं, म्हणून येतानाच खरा लांब पल्ल्याचा टॉर्च पिशवीत घालून आणला होता. ऑफिसच्या मागे जप्तीच्या लाकडांचं लांबलचक गोडाऊन होतं. "दार लावा," मी गार्डला सांगितलं, "आणि शेवटच्या ओंडक्यावरचा नंबर वाचा."

माझा टॉर्च लावला. थाळीएवढा गोल झोत थेट टोकाला गेला. गार्डने नंबर घडाघडा वाचला. मग बाळारामचा लावला. अर्धं गोडाऊन उजळलं, पण टोकाचे ओंडके नुसते काळपट दिसले. नंबर काही वाचता येईना.

"दिवा दोन्हीत सारखाच," मी म्हटलं. "फरक मागच्या वाटीचा. तिला रिफ्लेक्टर म्हणतात. वाटी खोल, रुंद आणि आरशासारखी गुळगुळीत असली की उजेड एकवटून लांब जातो. शिकाऱ्याला तसा लागतो, लांबूनच जनावराचे डोळे चमकलेले दिसतात. ही वाटी बघा. उथळ, लहान, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत. उजेड पसरतो. पायाखालचा साप दिसतो, शेतात शिरलेलं डुक्कर दिसतं. राखणीला हीच घ्या, असं मीच त्याला सांगितलं होतं."

"याने जवळून शिकार होतेच की."

"जवळून काठीनेही होते. मग काठी विकणाऱ्यालाही बोलवा."

साहेब तापले. "तुमच्या दुकानाचं लायसन बघावं लागेल."

"बघा ना. भिंतीवर लावलंय."

मग मी कोरा कागद मागितला. रिफ्लेक्टरची हकीकत, बिलावर तो शब्द का आला, सगळं लिहिलं आणि त्याखाली ठसठशीत सही केली. साहेबांनी दोनदा वाचलं, वरिष्ठांना फोन लावला. संध्याकाळी बाळाराम केस न लागता सुटला. टॉर्चही मिळाला.

शेतावर पोचलो तर सुगंधा सरळ तुडवलेल्या वालात शिरली. राखणदार ऑफिसात आणि डुकरं शेतात, असं झालं होतं. "सगला वाल झोपवला गो ताय," ती म्हणाली.

मालाला आपण काय नाव देतो ते जपून द्यावं, एवढं मी शिकले. आणि जंगली जनावराने पीक खाल्लं तर भरपाईचा अर्ज त्याच ऑफिसात, त्याच टेबलावर द्यायचा असतो, हे मला आधीच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. साहेब मान खाली घालून म्हणाले, "पंचनाम्याला येतो."

"काळोख पडल्यावर या," मी म्हटलं. "डुकरंही भेटतील. टॉर्च आणू नका, बाळारामकडे हाय."